पत्रिका दोघांच्या, तपासणी एकीचीच : वय आणि मूल होण्याची क्षमता

(या भागाचं शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलं आहे.)

मागच्या वेळी तुमच्याकडून प्रश्न मागवले होते. भरपूर आले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त फिरून फिरून एकाच ठिकाणी येत होते: वय. "आमचं वय उलटून गेलं का?", "अजून दोन वर्षं थांबलं तर चालेल का?", "पुरुषांना वयाचं काही नसतं ना?" त्यातला एक आवाजी निरोप परवानगी घेऊन, नाव-गाव न सांगता तुम्हाला सांगते.

"ताई, माझं वय ३३, मिस्टरांचं ४१. लग्नाला चार वर्षं झाली. माझ्या दोन सोनोग्राफी झाल्या, नळ्यांची तपासणी झाली, एएमएच दोनदा झालं, दुर्बिणीतून पण बघितलं. सगळं ठीक आहे म्हणतात. मिस्टरांची तपासणी अजून झालेली नाही. सासूबाई म्हणतात, पुरुषाला कसलं आलंय वय, माझ्या सासऱ्यांना पन्नाशीत मुलगा झाला होता."

पन्नाशीतल्या त्या मुलाबद्दल मला शंका नाही. झाला असेल. पण लग्न जुळवताना आपण पत्रिका दोघांच्या बघतो, गुण दोघांचे जुळवतो, आणि मूल होईना म्हटलं की तपासणीला मात्र एकटीला पाठवतो. हे का चुकतं ते सांगायचं तर आधी वय नेमकं कुठे लागतं हे बघायला हवं. बाईत ते एका प्रकारे लागतं आणि पुरुषात अगदी वेगळ्या प्रकारे.

नवीन श्रोत्यांसाठी: मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे. म्हणजे आयव्हीएफच्या प्रयोगशाळेत स्त्रीबीज आणि शुक्राणू हाताळण्याचं काम करते. पेशंटशी माझं बोलणं कमी होतं, त्यांच्या पेशींशी जास्त.

तर सुरुवात स्त्रीबीजापासून. मुलीची सगळी स्त्रीबीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास तिच्या इवल्याशा अंडाशयांत साठ ते सत्तर लाख बीजपेशी असतात. तिथून पुढे फक्त वजाबाकी. जन्माच्या वेळी दहा-वीस लाख उरतात, पाळी सुरू होते तेव्हा तीन-चार लाख. आयुष्यभरात त्यातली चारशे-पाचशेच पिकून बाहेर पडतात. बाकीची आपोआप जिरून जातात, दर महिन्याला शेकडोंनी. मला नेहमी विचारतात की गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तर पाळीच्या मागची बीजं शिल्लक पडतात का? नाही. गोळी एक बीज बाहेर पडू देत नाही एवढंच. आतली गळती गोळ्या घेतानाही चालू असते आणि पोटात बाळ असतानाही चालूच असते.

याचा अर्थ असाही होतो की ज्या बीजापासून तुम्ही झालात ते तुमच्या आईच्या अंडाशयात, ती तुमच्या आजीच्या पोटात असताना तयार झालं होतं. आजोळचं नातं एवढं जुनं असतं!

पण मोजणी हा या गोष्टीचा सोपा भाग. खरी अडचण दर्जाची आहे, आणि ती गुणसूत्रांमध्ये आहे.

आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ जोड्या. बीजात त्याच्या निम्मी, म्हणजे २३ उरली पाहिजेत. म्हणजे कुठेतरी जोड्या सोडवून अर्ध्या बाहेर काढायला हव्यात. ही वाटणी आईच्या पोटात सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते. किती काळ? ते बीज ज्या महिन्यात पिकणार असेल त्या महिन्यापर्यंत. पंधराव्या वर्षी पिकलं तर पंधरा वर्षं, एकेचाळिसाव्या वर्षी पिकलं तर एकेचाळीस वर्षं. वाटणीचा शेवटचा टप्पा तर शुक्राणू आत शिरल्यावरच पुरा होतो. एवढा सगळा काळ गुणसूत्रं एकमेकांना धरून बसलेली असतात, आणि त्यांना धरून ठेवण्याचं काम कोहेसिन नावाची प्रथिनं करतात. कडी घातल्यासारखी. ही कडी सुरुवातीला एकदा बसली की नंतर फारशी नव्याने बसवली जात नाहीत, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

ट्रंकेत ठेवलेली पैठणी आठवा. नेसली नाही, धुतली नाही, उन्हात वाळवली नाही, तरी वीस-पंचवीस वर्षांनी काढली की घडीवर विरलेली असते. बीजाचंही साधारण असंच होतं. वापरलं नाही म्हणून नवं राहत नाही. कडी सैल होतात, आणि अखेर वाटणीची वेळ येते तेव्हा एखादं गुणसूत्र चुकीच्या बाजूला जातं. मग गर्भात एक गुणसूत्र जास्त किंवा एक कमी.

असे बहुतेक गर्भ रुजतच नाहीत. आपल्याला वाटतं, या महिन्यातही राहिलं नाही. काही रुजतात आणि सहा-आठ आठवड्यांत पडतात. फार थोडे पूर्ण वाढतात. २१ नंबरचं गुणसूत्र एक जास्त असलं तर डाउन सिंड्रोम. आई २५ वर्षांची असेल तर हे साधारण १२५० बाळांत एकाला होतं, ३५व्या वर्षी साधारण ३५० त एकाला, चाळिशीत १०० त एकाला. गर्भपाताचंही तेच. नॉर्वेत २००९ ते २०१३ मधल्या चार लाखांहून अधिक गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पंचविशी ते तिशीतल्या बायकांत गर्भपात सगळ्यात कमी, दहा टक्के होते. पंचेचाळिशीनंतर निम्म्याहून जास्त.

इथे थोडं थांबते. सुरुवातीच्या महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास, आणि वय वाढेल तसे आणखी जास्त, या गुणसूत्रांच्या चुकीमुळे होतात. पपई खाल्ली, जिना चढली, स्कूटीवर गेली, ग्रहणात भाजी चिरली यामुळे नाही. आपल्याकडे गर्भ पडला की घरात चौकशी बसते, आणि त्या चौकशीत आरोपी एकच असते. गर्भाचं काय होणार हे बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी ठरलेलं होतं. हे तिला कोणी सांगत नाही.

प्रयोगशाळेतली एक गोष्ट सांगते. सूक्ष्मदर्शकाखाली २४ वर्षांच्या मुलीचं बीज आणि ४१ वर्षांच्या बाईचं बीज शेजारी ठेवलं, तर कुठलं कोणाचं हे मला नुसतं बघून सांगता येत नाही. दोन्ही गोल, दोन्ही नितळ. पाचव्या दिवसाचा गर्भही दिसायला एकदम छान असतो आणि आत गुणसूत्रांचा घोळ असतो. म्हणून "एम्ब्रियो ए ग्रेड होता, तरी का राहिलं नाही?" या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा बाईच्या वयात असतं.

आता कोणी म्हणेल, कशावरून हे बीजाचंच? वय वाढलं की नवराही म्हातारा होतो, जवळीकही कमी होते. शंका रास्त आहे. याचं उत्तर फ्रान्समधल्या एका अभ्यासाने १९८२ साली दिलं, आणि तो अभ्यास मला फार आवडतो, कारण त्याची रचनाच हुशार आहे. त्यांनी २१९३ बायका घेतल्या, ज्यांच्या नवऱ्यांच्या वीर्यात शुक्राणू अजिबात नव्हते. म्हणजे बाईत दोष असायचं काही खास कारण नाही. सगळ्यांना दात्याचं वीर्य ठरलेल्या दिवशी ठरलेल्या पद्धतीने दिलं गेलं. नवऱ्याचं वय आणि जवळीक दोन्ही हिशोबातून बाहेर. बारा पाळ्यांत दिवस गेले त्यांचं प्रमाण असं होतं: तिशीपर्यंत ७३-७४ टक्के, ३१ ते ३५ मध्ये सुमारे ६१, पस्तिशीनंतर सुमारे ५४. उतार तिशीनंतर लागतो हे खरं, पण ३५व्या वाढदिवसाला कडा कोसळत नाही. ३६ वर्षांच्या ज्या मुली "माझं आता संपलं" म्हणून रडत फोन करतात त्यांनी हा ५४ चा आकडा दोनदा वाचावा. खरी घसरण ३७-३८ नंतर येते. निरोगी बाईला तिशीत एका महिन्यात दिवस जाण्याची शक्यता वीस टक्क्यांच्या आसपास असते, चाळिशीत पाच टक्के किंवा त्याहून कमी.

दुसरा पुरावा उलट्या बाजूने आला. १९९० साली कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी चाळिशीपुढच्या, स्वतःच्या अंडाशयांचं काम थांबलेल्या बायकांच्या गर्भाशयात तरुण दात्या स्त्रीच्या बीजापासूनचे गर्भ ठेवले. ते रुजले, आणि तरुण बायकांत रुजतात तितकेच रुजले. म्हणजे गर्भाशय म्हातारं झालेलं नव्हतं. वय लागतं ते मुख्यतः बीजाला. (चाळिशीनंतरच्या गरोदरपणात रक्तदाब आणि साखरेचा त्रास वाढतो, तो विषय वेगळा.)

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "आमच्या आजीला ४२व्या वर्षी शेंडेफळ झालं." बरोबर आहे. पण शेंडेफळ हा शब्दच सांगतो की आधी झाड लगडलेलं होतं. आजीचं ते आठवं की नववं बाळ. तिच्याच शेजारच्या घरात शेवटचं मूल ३५व्या वर्षी झालं आणि पुढे काहीच झालं नाही, त्या बाईची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण तिला आधीची सहा होती. अमेरिका-कॅनडात हटराइट नावाचा एक धार्मिक समाज आहे, कुटुंबनियोजन न मानणारा. त्यांच्या नोंदींचा अभ्यास १९५७ साली प्रसिद्ध झाला. शेवटचं मूल सरासरी ४१च्या आसपास, म्हणजे तुमच्या आजीसारखंच. पण त्याच समाजात ११ टक्के बायकांना ३४ नंतर मूल झालंच नाही, चाळिशीपर्यंत एक तृतीयांश बायकांची मुलं होणं थांबलं होतं, पंचेचाळिशीपर्यंत ८७ टक्क्यांची. यातली आपण कुठल्या गटात आहोत हे आधी कळायला मार्ग नसतो. आजीला तो प्रश्नच पडला नाही. पहिलं मूल चाळिशीत हवं असणाऱ्या नातीला पडतो.

भारतासाठी आणखी एक गोष्ट. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७च्या सुमारास जाते, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. २०१४ साली स्पॅनिश आणि भारतीय बायकांची तुलना करणारा अभ्यास आला होता. त्यात भारतीय बायकांची अंडाशयं सुमारे सहा वर्षं आधी थकलेली दिसली. त्या सगळ्या उपचार घ्यायला आलेल्या बायका होत्या, म्हणून सरसकट सगळ्यांना तो आकडा लावू नये. पण इंटरनेटवरचे परदेशी तक्ते वाचून "अजून वेळ आहे" असं ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता पुरुषांकडे येऊ. सासूबाईंचा मुद्दा घेऊ.

पुरुषाचा साठा जन्मजात नसतो. शुक्राणू वयात आल्यापासून रोज नवे तयार होतात, आणि एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. हा कारखाना बंद पडण्याची ठरलेली तारीख नाही. म्हणून पन्नाशीत, साठीत मूल होऊ शकतं. एवढ्यावर सासूबाई बरोबर आहेत.

पण कारखाना चालतो कसा? मूळ पेशी स्वतःची नक्कल काढते, मग त्या नकलेची नक्कल. वर्षाला साधारण २३ वेळा. पूर्वी पोथ्या हाताने उतरवून घेत तसं समजा. पहिल्या लेखनिकाने एक काना विसरला, दुसऱ्याने तो तसाच उतरवला आणि स्वतःची एक वेलांटी चुकवली. विसाव्या वर्षीच्या शुक्राणूमागे दीडशेच्या आसपास नकला असतात, चाळिसाव्या वर्षी सहाशेच्या. बाईचं बीज बसून जुनं होतं, पुरुषाचा शुक्राणू ताजा असतो पण जुन्या पोथीवरून उतरवलेला.

या चुका मोजल्या गेल्या आहेत. आइसलंडमध्ये २०१२ साली ७८ कुटुंबांतल्या आई, बाप आणि मुलाचा पूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला. मुलात असे किती बदल आहेत जे ना आईत होते ना बापात? बाप २० वर्षांचा असेल तर त्याच्याकडून सुमारे २५, ४० वर्षांचा असेल तर सुमारे ६५. दर वर्षाला जवळजवळ दोनची भर. आईकडून आलेले साधारण १५, आणि त्यात वयाने फारसा फरक पडलेला दिसला नाही.

यातले बहुतेक बदल निरुपद्रवी असतात, घाबरू नका. पण सगळे नाही. हातपाय आखूड राहून उंची खुंटते असा एक हाडांचा विकार आहे, अकॉन्ड्रोप्लेझिया. जर्मनीतले डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनी १९१२ सालीच लिहून ठेवलं होतं की हा विकार असलेली मुलं भावंडांत बऱ्याचदा शेवटची असतात. पुढे १९५५ साली लायनेल पेनरोज यांनी दाखवलं की आईच्या वयापेक्षा इथे बापाचं वय मोजायला हवं. म्हणजे ही माहिती काही काल-परवाची नाही. बापाच्या वाढत्या वयाचा संबंध ऑटिझम आणि स्किझोफ्रेनियाशीही दिसला आहे. प्रत्यक्ष धोका वाढूनही लहानच राहतो, तरी तो शून्य नाही.

आणि मूल राहायला लागणारा वेळ? युरोपातल्या सात केंद्रांमधल्या ७८२ जोडप्यांच्या नोंदींवरून असं दिसलं की पुरुषाचं वय तिशीच्या शेवटी जाणवायला लागतं. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न जाणाऱ्यांचं प्रमाण, पुरुष ३५चा असताना १८ टक्के होतं ते तो ४०चा झाल्यावर २८ टक्क्यांपर्यंत गेलं. वीर्याचं प्रमाण कमी होतं, शुक्राणूंची हालचाल मंदावते, त्यांच्या आतल्या डीएनएचे तुकडे पडण्याचं प्रमाण वाढतं. बीजाकडे असे तुकडे दुरुस्त करायची थोडी सोय असते, पण बीज तरुण असेल तर ती चांगली चालते. दोघांचीही वयं वाढली की अडचण दोन्हीकडून येते.

हे आपल्याकडे आत्ता बोलण्याचं आणखी कारण आहे. गावागावांत शेती करणाऱ्या मुलांची लग्नं पस्तिशीपर्यंत लांबलेली आहेत. शहरात स्पर्धा परीक्षा, घराचे हप्ते, परदेशातली नोकरी. नवरा ४०, नवरी २९ अशा जोड्या मी फायलींवर सारख्या बघते. तिथे "तिचं वय आहे अजून" म्हणून निवांत राहतात. त्याच्या वयाचा रकाना फॉर्मवर भरलेला असतो, पण तो कोणी वाचत नाही.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. तुमच्याबाबतीत पहिली तपासणी वीर्याची व्हायला हवी होती. ती सगळ्यात स्वस्त, भूल नाही, टाके नाहीत, अर्ध्या दिवसात रिपोर्ट. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्याच्या आसपास ठिकाणी पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं किंवा बाईच्या कारणाच्या जोडीने. दुर्बिणीची तपासणी म्हणजे पोटाला छेद. ती त्याच्या एका डबीभर नमुन्याच्या आधी करायची, याला वैद्यकीय कारण क्वचितच असतं. बहुतेक वेळा कारण लाज हेच असतं.

थांबायचं किती, याचा साधा नियम आहे. बाई पस्तिशीच्या आत असेल तर नियमित संबंध ठेवून एक वर्ष. पस्तीस ओलांडली असेल तर सहा महिने. चाळीस ओलांडली असेल तर थांबू नका, लगेच जा. पाळी अनियमित असेल, एंडोमेट्रिओसिस असेल, पूर्वी टीबी झाला असेल, किंवा पुरुषाला वयात आल्यावर गालगुंड झाली असतील, अंडकोष लहानपणी खाली उतरले नसतील, केमोथेरपी झाली असेल, तर वय काहीही असो, आधीच जा. टीबीचं मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे तो गर्भनलिका गुपचूप बंद करतो आणि बाईला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. सगळंच वयावर ढकलायचं नसतं.

एएमएचबद्दल तर वेगळा भाग करावा लागेल इतके प्रश्न आहेत, पण दोन वाक्यांत सांगते. एएमएच सांगतं डब्यात लाडू किती आहेत, ते खवट झालेत का हे सांगत नाही. २७ वर्षांच्या मुलीचं एएमएच कमी आलं म्हणून लग्न मोडल्याचं मी ऐकलं आहे, आणि तो सरळ अन्याय आहे. २०१७ साली अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, आधी वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या सुमारे ७५० बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा पाळ्यांत दिवस जाण्याचा अंदाज कमी एएमएचवाल्या बायकांत ६५ टक्के, नॉर्मलवाल्यांत ६२. काहीच फरक नाही म्हणा ना! आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी किती बीजं मिळतील याचा अंदाज बांधायला तो आकडा कामाचा आहे. उलट ४१व्या वर्षी एएमएच चांगलं आलं म्हणून निर्धास्त राहू नका. डबा भरलेला आहे, पण लाडू ४१ वर्षांचे आहेत.

मग आयव्हीएफ आहेच की, असं तुम्ही म्हणाल. माझी रोजीरोटी त्यावर चालते, तरी सांगते: आयव्हीएफ वयावरचा इलाज म्हणून निघालेलंच नाही. १९७८ साली इंग्लंडमध्ये पहिलं टेस्ट ट्यूब बाळ झालं त्याच्या आईच्या नळ्या बंद होत्या. बीज आणि शुक्राणू यांची भेट बाहेर घडवून आणायची, एवढी मूळ कल्पना. १९८६च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून असं बाळ जन्मलं तेव्हा ते सगळ्या देशाच्या कौतुकाचं झालं, आणि तेव्हापासून लोकांना वाटतं की प्रयोगशाळेत सगळं जमतं. आम्ही भेट घडवतो. बीजाची वर्षं कमी करता येत नाहीत. फ्रान्सचे लोकसंख्यातज्ज्ञ आंरी लेरिदाँ यांनी २००४ साली हिशोब मांडला होता. तिशीऐवजी पस्तिशीत सुरुवात केल्याने जी बाळंतपणं हुकतात त्यातली निम्मीच आयव्हीएफ भरून काढतं. पस्तिशीऐवजी चाळिशीत सुरुवात केली तर तिसऱ्या हिश्श्याहून कमी.

बीजं गोठवून ठेवण्याचंही गणित वयाचंच आहे. अमेरिकेतल्या एका अंदाजानुसार किमान एक बाळ होण्याची ७५ टक्के शक्यता हवी असेल तर ३४व्या वर्षी दहा बीजं गोठवावी लागतात, ३७व्या वर्षी वीस, आणि ४२व्या वर्षी एकसष्ट. एका वेळेला आठ-दहा बीजं मिळाली तर आम्ही खूश असतो, ते सुद्धा तरुण वयात. ४२व्या वर्षी एकसष्ट कुठून आणायची? ज्यांना गोठवायची आहेत त्यांनी पस्तिशीच्या आत विचार करावा, आणि ज्या जाहिरातीत फक्त हसणारी चाळिशीतली बाई दिसते, आकडे दिसत नाहीत, त्या दवाखान्यात आकडे मागून घ्यावेत.

कायद्याचंही बघा. २०२१च्या कायद्याप्रमाणे हे उपचार बाईला पन्नाशीच्या आत आणि पुरुषाला ५५च्या आत मिळतात. दात्यांच्या वयात मात्र मोठी तफावत आहे. बीज देणारी स्त्री २३ ते ३५ वर्षांची हवी, वीर्य देणारा पुरुष २१ ते ५५ चालतो. मला ही ५५ची रेघ फार सैल वाटते.

करण्यासारखं काय आहे? बाईच्या बीजाचं वय कुठल्याही पावडरीने, चूर्णाने, "तीस दिवसांत दर्जा वाढवा" म्हणणाऱ्या सॅशेने मागे गेल्याचं सिद्ध झालेलं नाही. ते पैसे वाचवा. फॉलिक अॅसिड घ्या, ते बाळाच्या मज्जारज्जूसाठी. तंबाखू सोडा, दोघांनीही. धूम्रपान करणाऱ्या बायकांची पाळी एक-दोन वर्षं आधीच जाते. पुरुषांच्या हातात मात्र बरंच आहे, कारण त्यांचा माल दर अडीच महिन्यांनी नवा येतो. वजन, दारू, तंबाखू, मांडीवर तासन् तास लॅपटॉप. आणि जिममध्ये मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर अजिबात नकोत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की आतला शुक्राणूंचा कारखाना बंद पडतो. दंड भरतात आणि रिपोर्टवर शुक्राणू शून्य येतात. असे विशी-पंचविशीतले मुलगे येतात आमच्याकडे, आणि त्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं.

शेवटी, ज्या घरात वीर्य तपासणीचा विषय काढायचाच आहे त्यांच्यासाठी. आधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन टाळायचं, जास्त दिवस साठवून नमुना चांगला येतो हा गैरसमज आहे. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरून न्यायचाच असेल तर तासाभरात पोचवावा, डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवावी म्हणजे थंड पडत नाही. कंडोममध्ये घेऊ नये, त्यातल्या औषधाने शुक्राणू मरतात. गेल्या तीन महिन्यांत जोराचा ताप, डेंग्यू वगैरे येऊन गेला असेल तर तसं सांगावं, कारण आकडे त्यामुळेही पडतात. आणि पहिला रिपोर्ट खराब आला तर निकाल लागला असं समजू नये, काही आठवड्यांनी पुन्हा करावा. ताई, सासूबाईंना पटवायची गरज नाही. मिस्टर एकटे सकाळी कामावर जाता जाता देऊन येऊ शकतात.

पुढच्या भागात असा एक रिपोर्ट घेऊन ओळीओळीने वाचणार आहे: प्रमाण, संख्या, हालचाल, आकार, आणि "नॉर्मल" लिहिलेलं असूनही काय काय विचारायचं असतं. तुमच्याकडे रिपोर्ट असेल तर नाव झाकून फोटो पाठवा, त्यातलाच एखादा घेऊ. भेटू.